दूरच्या घड्याळास वेळ विचारताना

दोन अक्षरांचा संदेश

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन हा विद्यार्थी एका संगणकासमोर बसला होता. प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या मार्गदर्शनाखाली त्याला एक वरवर साधे काम करावयाचे होते. मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी आर्पानेट या नव्याने उभारलेल्या जाळ्यातून संबंध जोडावयाचा आणि 'लॉगिन' या शब्दाची अक्षरे एकामागून एक पाठवावयाची, एवढेच ते काम. पलीकडच्या टोकाला बिल डुव्हॉल हे होते. दोन्ही ठिकाणची माणसे त्याच वेळी टेलिफोनवरही एकमेकांशी बोलत होती. 'एल' पाठविले गेले, ते मिळाल्याचे फोनवरून कळले. 'ओ' पाठविले गेले, तेही मिळाले. त्यानंतर 'जी' पाठविताच पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभरात दोष दूर झाला आणि जोडणी पूर्ण झाली. परंतु त्या जाळ्यातून गेलेला पहिला संदेश इतिहासात दोन अक्षरांचाच राहिला.

या प्रसंगातील टेलिफोनचे महत्त्व सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पाठविलेले अक्षर पोहोचले की नाही, हे त्या रात्री माणूस माणसाला विचारू शकत होता. पुढे संगणकांची संख्या वाढली, ती रात्रंदिवस माणसाच्या देखरेखीविना एकमेकांशी बोलू लागली आणि तो टेलिफोन नाहीसा झाला. आज दुसऱ्या संगणकाशी संबंध जोडणारा प्रोग्राम जो लिहितो, त्याला टेलिफोनवरचे ते प्रश्न प्रोग्राममध्येच लिहून ठेवावे लागतात. पोहोचले का? पूर्ण पोहोचले का? आणि जे आले त्याचा अर्थ दोघांच्याही लेखी एकच आहे का?

असा प्रोग्राम शिकू पाहणाऱ्याचा समज बहुधा असा असतो, की अवघड काम संबंध जोडण्याचे आहे. तो एकदा जुळला की उरलेले आपोआप पार पडेल. प्रत्यक्षात संबंध जोडणे एका आज्ञेचे काम आहे. खरी कसोटी लागते ती समोरून येणारे उत्तर ऐकून घेताना. ही गोष्ट एका अगदी लहान उदाहरणावरून स्पष्ट करता येते. ते उदाहरण म्हणजे दूरच्या संगणकास वेळ विचारणारा प्रोग्राम.

क्लायंट, सर्व्हर आणि त्यांच्यातील करार

संगणकांच्या जाळ्यात जो प्रोग्राम स्वतःहून संबंध जोडतो आणि काही मागतो, त्यास क्लायंट म्हणतात. जो आपल्या जागी वाट पाहत बसतो आणि मागणी येताच उत्तर देतो, तो सर्व्हर. रेल्वे स्थानकावरील चौकशीची खिडकी आणि तिच्यापुढे येणारा प्रवासी यांचे नाते असेच असते. खिडकी प्रवाशाकडे जात नाही. प्रवाशालाच खिडकी शोधावी लागते. ती शोधण्यासाठी त्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. स्थानक कोणते आणि त्यातील खिडकी कितवी?

जाळ्यातील स्थानक म्हणजे संगणकाचा पत्ता. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो आणि तो चार अंकांच्या रूपाने लिहिला जातो; नंतरच्या सहाव्या आवृत्तीत तो १२८ बिटांचा आहे. माणसास अंक लक्षात ठेवणे कठीण, म्हणून संगणकांना नावे देतात आणि नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था वापरतात. या व्यवस्थेची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. खिडकीचा क्रमांक म्हणजे पोर्ट. तो ० ते ६५,५३५ यांमधील एक अंक असतो. एकाच संगणकावर अनेक सर्व्हर चालू असू शकतात, त्यांपैकी कोणाशी बोलावयाचे हे पोर्टवरून ठरते.

खिडकी सापडली तरी संवादाची रीत ठरलेली असावी लागते. आधी कोणी बोलावयाचे, काय बोलावयाचे आणि बोलणे संपले हे कशावरून ओळखावयाचे, या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. प्रोटोकॉल हा दोन अनोळखी पक्षांमधील करारच होय. एका टोकाचा प्रोग्राम लिहिणारा आणि दुसऱ्या टोकाचा प्रोग्राम लिहिणारा यांची आयुष्यात कधी भेट होत नाही. दोघांमध्ये समान असतो तो फक्त कराराचा मजकूर. इंटरनेटवरील असे करार 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' या नावाच्या क्रमांकित टिपणांच्या मालेत प्रसिद्ध होतात. ही माला स्टीव्ह क्रॉकर यांच्या पहिल्या टिपणाने एप्रिल १९६९ मध्ये सुरू झाली.

याच मालेतील ८६८ क्रमांकाचे टिपण मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल आणि के. हॅरेनस्टीन यांनी लिहिले. त्यात वेळ सांगणाऱ्या सेवेचा करार आहे आणि तो एका पानाहून फारसा मोठा नाही. त्याचे सार असे: सर्व्हर ३७ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहील. क्लायंट संबंध जोडील. काहीही न विचारता सर्व्हर ३२ बिटांची, म्हणजे चार बाइटांची, एक संख्या पाठवील. १ जानेवारी १९०० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, ते या संख्येवरून कळेल. क्लायंट ती संख्या घेईल आणि दोघेही संबंध बंद करतील. या कामासाठी ही सेवा आज जवळजवळ वापरातून गेली आहे, याचा विचार शेवटी केला आहे. अभ्यासासाठी मात्र इतका आटोपशीर करार सहज मिळणार नाही.

संबंध जोडण्याच्या पायऱ्या

पत्ता, पोर्ट आणि करार हाती आल्यावर प्रोग्राम लिहिता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९८३ साली युनिक्स कार्यप्रणालीची ४.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात जाळ्याशी व्यवहार करण्यासाठी 'सॉकेट' नावाची सोय होती. सॉकेट म्हणजे प्रोग्रामच्या बाजूचे संबंधाचे टोक. टेलिफोनचा रिसीव्हर म्हटले तरी चालेल. पुढे जवळजवळ सर्व कार्यप्रणालींनी आणि प्रोग्रामिंगच्या भाषांनी हीच कल्पना थोड्याफार फरकाने स्वीकारली. त्यामुळे भाषा कोणतीही असो, क्लायंटची कामे पुढील क्रमानेच होतात.

१. सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणे.
२. कार्यप्रणालीकडून एक सॉकेट मागून घेणे.
३. त्या पत्त्याशी व पोर्टशी संबंध जोडणे. या आज्ञेस 'कनेक्ट' म्हणतात.
४. करारानुसार लिहिणे व वाचणे, म्हणजे 'राइट' आणि 'रीड'.
५. सॉकेट बंद करणे, म्हणजे 'क्लोज'.

तिसऱ्या पायरीवर पडद्यामागे बरेच काही घडते. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या कल्पनेतून विकसित झालेला टीसीपी हा प्रोटोकॉल येथे काम करतो. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून याचाच अंगीकार केला. क्लायंटचा संगणक एक लहान पाकीट पाठवितो, सर्व्हरचा संगणक ते मिळाल्याचे सांगून आपलेही पाकीट जोडून देतो आणि क्लायंट त्याची पोच देतो. अशा तीन फेऱ्यांनी संबंध जुळतो. त्यानंतर वाटेत एखादे पाकीट हरवले तर ते पुन्हा पाठविणे आणि मागेपुढे पोहोचलेली पाकिटे क्रमाने लावणे ही कामे टीसीपी करतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यास त्यांत लक्ष घालावे लागत नाही.

वेळेच्या करारात क्लायंटने काही लिहावयाचे नाही, म्हणून चौथ्या पायरीत केवळ वाचणे उरते. नवशिक्याच्या प्रोग्राममध्ये ही पायरी एका ओळीत आटोपते: सॉकेटमधून चार बाइट वाचा, त्यांची संख्या करा, वेळ छापा. हा प्रोग्राम लिहून चालविला की बहुधा लगेच बरोबर वेळ दिसते आणि काम संपल्यासारखे वाटते. वस्तुतः त्या एका ओळीत तीन चुका दडून बसलेल्या असू शकतात.

चार बाइटांचा अर्थ

पहिली चूक बाइटांच्या क्रमाची. एका बाइटात ० ते २५५ यांपैकी एक अंक मावतो. त्याहून मोठी संख्या अनेक बाइटांत विभागून ठेवावी लागते. मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवावा की लहान स्थानाचा, याविषयी संगणक बनविणाऱ्यांचे कधीच एकमत झाले नाही. आयबीएमच्या ३६० मालिकेतील संगणक मोठे स्थान आधी ठेवीत. इंटेलचे परिचित प्रोसेसर लहान स्थान आधी ठेवतात. १९८० साली डॅनी कोहेन यांनी या वादावर एक मार्मिक लेख लिहिला. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून युद्ध करणाऱ्या, गलिव्हरच्या प्रवासवर्णनातील मंडळींची नावे त्यांनी दोन्ही पक्षांना दिली. तीच नावे तांत्रिक संज्ञा म्हणून रूढ झाली. इंटरनेटच्या प्रोटोकॉलांनी मोठे स्थान आधी पाठविण्याचा क्रम स्वीकारला आहे.

हे एका उदाहरणाने पाहता येते. १ जानेवारी १९०० पासून १ जानेवारी १९७० पर्यंत ७० वर्षे होतात. त्यांत १७ लीप वर्षे आहेत, म्हणून एकूण दिवस २५,५६७. प्रत्येक दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले असता २,२०,८९,८८,८०० ही संख्या येते. ती चार बाइटांत १३१, १७०, १२६, १२८ अशी मांडली जाते. पडताळा असा:

१३१ × १,६७,७७,२१६ = २,१९,७८,१५,२९६
१७० × ६५,५३६ = १,११,४१,१२०
१२६ × २५६ = ३२,२५६
१२८ × १ = १२८
बेरीज = २,२०,८९,८८,८००

आता लहान स्थान आधी ठेवणाऱ्या संगणकावर हेच चार बाइट जसेच्या तसे संख्या म्हणून उचलले, तर तो १२८ ला सर्वांत मोठे स्थान देतो आणि संख्या २,१५,५७,८४,८३५ होते. तारखेत रूपांतर केल्यावर ती २५ एप्रिल १९६८, पहाटे ५ वाजून ७ मिनिटे १५ सेकंद अशी वाचली जाते. ही चूक फसवी आहे. उत्तर निरर्थक आले असते, तर कोणाच्याही लक्षात आले असते. येथे तारीख व्यवस्थित आहे, महिना व्यवस्थित आहे, तास आणि मिनिटेही आहेत. फक्त ती वेळ खरी नाही. शिवाय मोठे स्थान आधी ठेवणाऱ्या संगणकावर हाच प्रोग्राम अचूक चालतो, त्यामुळे ज्याने तो तेथे लिहिला त्याला दोषाची शंकाही येत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वरचा गुणाकार प्रोग्राममध्ये स्पष्टपणे लिहिणे. पहिला बाइट गुणिले १,६७,७७,२१६, दुसरा गुणिले ६५,५३६, तिसरा गुणिले २५६, चौथा तसाच, आणि चौघांची बेरीज. गणित सर्व संगणकांवर सारखेच असते. ही बेरीज धन-ऋण चिन्ह असलेल्या ३२ बिटांच्या जागेत ठेवू नये, हीही दक्षता हवी. तशा जागेत २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही आणि वरील संख्या उणे २,०८,५९,७८,४९६ अशी दिसू लागते. चिन्हरहित किंवा अधिक रुंद जागा वापरली म्हणजे हा दोष टळतो.

संख्या बरोबर आली की तीतून २,२०,८९,८८,८०० वजा करून १९७० पासूनचे सेकंद मिळतात, कारण युनिक्स व तिच्या वंशातील कार्यप्रणाली तेथून वेळ मोजतात. भारतीय प्रमाणवेळ हवी असल्यास साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद मिळवावे लागतात. करारातील वेळ ग्रिनिचची आहे, तिला स्थानिक वेळ समजणे हीसुद्धा चूकच होय.

प्रवाह आणि संदेश

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. टीसीपी बाइट क्रमाने पोहोचवितो, ते गाळत नाही, त्यांची अदलाबदल करीत नाही; परंतु कोणते बाइट एकत्र पाठविले होते, याची तो आठवण ठेवीत नाही. पाठविणाऱ्याच्या दृष्टीने तो संदेश असतो, टीसीपीच्या दृष्टीने नुसता बाइटांचा प्रवाह असतो. नळाला येणाऱ्या पाण्यावरून जलाशयात ते किती घागरींनी ओतले हे सांगता येत नाही, तसेच हे. 'चार बाइट वाचा' या आज्ञेचा खरा अर्थ 'जास्तीत जास्त चार बाइट, जेवढे हाती असतील तेवढे द्या' असा आहे. आज्ञेला दोनच बाइट मिळाले, तर ती दोन बाइट देऊन परत येते आणि किती मिळाले तो आकडा सांगते. तो आकडा पाहणे हे प्रोग्रामचे काम.

तो पाहिला नाही तर काय होईल? समजा १३१ आणि १७० हे दोनच बाइट आले आहेत आणि उरलेल्या दोन जागांत शून्ये आहेत. संख्या होते २,२०,८९,५६,४१६ आणि वेळ दिसते ३१ डिसेंबर १९६९, दुपारचे ३ वाजून १६ सेकंद. खऱ्या वेळेहून ही जवळजवळ नऊ तास मागे आहे, आणि याही उत्तरात वरकरणी खटकण्यासारखे काही नाही. चार बाइटांसारखा लहान मजकूर बहुतेक वेळा एकाच पाकिटातून एकदमच येतो. त्यामुळे ही चूक शंभरदा चालविलेल्या प्रोग्राममध्येही लपून राहू शकते आणि एखाद्या दिवशी अनपेक्षितपणे प्रकट होते. मजकूर मोठा असेल, म्हणजे एखादे पान किंवा चित्र असेल, तर ती नित्यच घडते.

म्हणून वाचणे हे एका आज्ञेऐवजी आवर्तनाच्या रूपाने लिहावे लागते. त्याचा आराखडा असा:

मिळालेले बाइट = ०
मिळालेले बाइट ४ पेक्षा कमी आहेत तोपर्यंत पुढील कृती करा:
  उरलेल्या जागेइतके बाइट वाचा
  वाचण्यात त्रुटी आली, तर त्रुटी कळवून थांबा
  उत्तर ० आले, तर समोरच्याने संबंध बंद केला. 'उत्तर अपुरे' असे कळवून थांबा
  अन्यथा आलेले बाइट मागील बाइटांपुढे ठेवा आणि मिळालेल्यांची संख्या वाढवा
चारही बाइट मिळाले. आता संख्या करा

या आराखड्यात 'उत्तर ०' आणि 'अजून काही आले नाही' या दोन स्थितींतील भेद नीट समजून घ्यावा. अजून काही आले नसेल, तर वाचण्याची आज्ञा परत न येता वाट पाहत राहते. शून्याचा अर्थ समोरच्याचे बोलणे संपले असा होतो.

वेळेच्या करारात उत्तराची लांबी ठरलेली आहे, म्हणून ते कधी पूर्ण झाले हे ओळखणे सोपे जाते. इतर करारांत ही खूण निरनिराळ्या प्रकारे दिलेली असते. ८६७ क्रमांकाच्या टिपणातील, १३ क्रमांकाच्या पोर्टवरील सेवा दिनांक व वेळ अक्षरांत पाठविते. तेथे सर्व्हरने संबंध बंद करणे हीच समाप्तीची खूण आहे. पत्रव्यवहाराच्या एसएमटीपी या प्रोटोकॉलात प्रत्येक आज्ञा ओळ संपविणाऱ्या दोन विशिष्ट चिन्हांनी पुरी होते. इंटरनेटवरील पाने आणणाऱ्या एचटीटीपीमध्ये पुष्कळदा मजकुराआधी त्याची लांबी बाइटांत कळविली जाते. ठरलेली लांबी, आधी सांगितलेली लांबी, समाप्तीचे चिन्ह किंवा संबंधाची समाप्ती, यांपैकी कोणती खूण लागू आहे, हे नवा करार वाचताना प्रथम शोधावे. तिच्यावरच क्लायंटची सारी रचना अवलंबून असते.

मौनाचे प्रकार

तिसरी चूक म्हणजे उत्तर येईलच असे गृहीत धरणे. उत्तर न येण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. नावावरून पत्ता सापडला नाही, तर दोष नावात किंवा नावे शोधून देणाऱ्या व्यवस्थेत असू शकतो. सर्व्हरशी अजून गाठच पडलेली नसते. संबंध नाकारला गेला, तर त्या पत्त्यावरून नकार पोहोचला आहे. बहुधा तेथील संगणक चालू असतो आणि त्या पोर्टवर कोणी बसलेले नसते. संबंध जोडताना काहीच प्रतिसाद आला नाही, तर संगणक बंद असेल, वाट तुटली असेल किंवा वाटेतील एखादा पहारेकरी पाकिटे मुकाट्याने टाकून देत असेल. या सर्वांना 'जोडणी अयशस्वी' अशा एकाच वाक्यात गुंडाळणारा प्रोग्राम दुरुस्ती करणाऱ्यास अंधारात ठेवतो. कोणत्या पायरीवर काय घडले, हे त्याने शब्दांत सांगितले पाहिजे.

सर्वांत त्रासदायक मौन संबंध जुळल्यानंतरचे असते. सर्व्हरने संबंध स्वीकारला, पण पुढे काहीच पाठविले नाही, तर वाचण्याची आज्ञा अनिश्चित काळ वाट पाहते. अशा रिकाम्या संबंधाविषयी टीसीपी सहसा स्वतःहून तक्रार करीत नाही. पलीकडच्या संगणकाची वीज गेली असली, तरी अलीकडच्या संगणकास ते कळेलच असे नाही. म्हणून किती वेळ थांबावयाचे ती मर्यादा क्लायंटनेच ठरवावी लागते. ही मर्यादा संपूर्ण संवादाला लावावी. प्रत्येक वाचनाला स्वतंत्रपणे दहा सेकंद दिले आणि सर्व्हरने दर नऊ सेकंदांनी एक बाइट पाठविला, तर चार बाइटांच्या उत्तरासाठी छत्तीस सेकंद जातील आणि मर्यादा कधीच ओलांडली जाणार नाही.

पडताळणी

हे सारे दोष चांगल्या सर्व्हरपुढे दिसत नाहीत. म्हणून क्लायंट तपासण्यासाठी मुद्दाम वाईट वागणारा सर्व्हर लिहावा. तो आपल्याच संगणकावर चालविता येतो. १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच पत्ता असतो आणि ३७३७ सारखा १०२३ च्या वरचा पोर्ट घेण्यास सहसा विशेष अधिकार लागत नाहीत. या सर्व्हरने १३१, १७०, १२६, १२८ हेच बाइट निरनिराळ्या प्रकारे पाठवावेत.

१. चारही बाइट एकदम. क्लायंटने १ जानेवारी १९७०, ग्रिनिच मध्यरात्र ही वेळ छापली पाहिजे. भारतीय प्रमाणवेळेने ते पहाटेचे साडेपाच होतात.
२. दोन बाइट, दोन सेकंदांची विश्रांती, मग उरलेले दोन. उत्तर पूर्वीचेच आले पाहिजे.
३. दोन बाइट पाठवून संबंध बंद. 'उत्तर अपुरे' असे कळले पाहिजे, वेळ छापली जाता कामा नये.
४. एकही बाइट न पाठविता संबंध बंद. वेळ मिळाली नाही, असे कळले पाहिजे.
५. संबंध स्वीकारून नुसते मौन. ठरलेल्या मर्यादेनंतर क्लायंटने थांबले पाहिजे.
६. सर्व्हर चालूच न करणे. संबंध नाकारला गेल्याचे स्पष्ट कळले पाहिजे.

एका ओळीत वाचणारा पहिला प्रोग्राम यांपैकी पहिल्या आणि बहुधा सहाव्या कसोटीस उतरेल. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीत तो चुकीची वेळ आत्मविश्वासाने छापील. चौथीत रिकाम्या जागेत जे काही असेल तीच वेळ म्हणून सांगेल आणि पाचवीत अडकून बसेल. प्रोग्राम 'चालतो' याचा अर्थ किती मर्यादित असू शकतो, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

जुन्या सेवेची मर्यादा

हा प्रोग्राम शिकून घेणाऱ्याने आपल्या संगणकाचे घड्याळ त्यावरून लावू नये. या करारातील वेळ पूर्ण सेकंदांतच असते आणि उत्तर वाटेत असताना गेलेल्या काळाचा हिशेब तीत नाही. उत्तर खरोखर अपेक्षित सर्व्हरनेच दिले, याची खात्री करण्याची सोयही तीत नाही. शिवाय चार बाइटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या संख्याच मावतात. ७ फेब्रुवारी २०३६ रोजी ग्रिनिच वेळेनुसार सकाळी ६ वाजून २८ मिनिटे १६ सेकंदांनी ही मोजणी पुन्हा शून्यावर येईल. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेला एनटीपी हा प्रोटोकॉल जाण्यायेण्यास लागलेला वेळ मोजून वजा करतो. घड्याळे जुळविण्यासाठी आज त्याचाच सर्वत्र वापर होतो. भारतीय प्रमाणवेळ राखणारी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही याच पद्धतीने वेळ उपलब्ध करून देते.

चुकीच्या वेळेचे परिणाम वेळ विचारणाऱ्या प्रोग्रामपुरते मर्यादित राहत नाहीत. नऊ तास मागे पडलेले घड्याळ बँकेतील व्यवहाराची तारीख बदलते, रुग्णालयातील नोंदीत औषध दिल्याची वेळ मागे नेते, वाचनालयाच्या वहीत परत आलेले पुस्तक आदल्या दिवशीचे ठरविते. त्या नोंदी पुढे वाचणारा माणूस त्यांवर विश्वास ठेवतो, कारण त्या संगणकाने केलेल्या असतात. बंद पडलेल्या यंत्राकडे कोणीतरी धावून जातो. १९६९ च्या त्या रात्री तसेच झाले आणि तासाभरात दोष निघाला. नीटनेटकी दिसणारी चुकीची तारीख मात्र कोणालाच बोलावीत नाही.

८६८ क्रमांकाच्या त्या छोट्या टिपणात एक अट आहे. सर्व्हरला आपल्या ठिकाणची वेळ निश्चित करता येत नसेल, तर त्याने संबंध नाकारावा किंवा काहीही न पाठविता तो बंद करावा. अंदाजाने एखादी संख्या पाठविण्याची मुभा त्याला दिलेली नाही. हाच नियम क्लायंटलाही लागू करावयास हवा. चार बाइट पूर्ण मिळाले, ठरलेल्या क्रमाने वाचले गेले आणि ठरलेल्या काळात मिळाले, तरच वेळ सांगावी. यांपैकी एकही गोष्ट घडली नसेल, तर 'वेळ कळली नाही' असे सांगावे.